अर्धवट गेमचा दोष कुणाच्या माथी?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून चार-साडेचार हजारांची नवी डिस्क आणायची, कन्सोलमध्ये म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रात टाकायची आणि गेम सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर वीस जीबीचं अपडेट मागितलेलं बघायचं, हे आता नेहमीचं झालंय. ज्या घरात रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर सगळं चालतं, तिथे वीस जीबी म्हणजे जवळपास दोन आठवड्यांचा डेटा. एवढं करूनही गेम मध्येच बंद पडतो, पात्रं भिंतीतून आरपार जातात, सेव्ह केलेला खेळ उडतो. मग पोरं म्हणतात, "पैसे वाया गेले भो, डेव्हलपरनं फसवलं." राग शंभर टक्के रास्त आहे. पण तो ज्याच्यावर निघतो, त्या कोड लिहिणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास तरी हेच सांगतो.

सुरुवात 1982 पासून करावी लागते. 'ई.टी.' या गाजलेल्या चित्रपटावर गेम काढायचे हक्क अटारी कंपनीनं मिळवले. बोलणी जुलैअखेरपर्यंत लांबली, आणि माल तर नाताळात दुकानात हवा होता. म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या प्रोग्रामरला साधारण पाच आठवडे मिळाले, तेव्हा एका गेमला सहा-सहा महिने लागत असताना. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा आणि बाहेर येता येता वैतागायचा. न खपलेली काडतुसं (गेमच्या कॅसेट) कंपनीनं 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली. 2014 मध्ये ती खणून काढली तेव्हा जगभर बातमी झाली. 'जगातला सर्वांत वाईट गेम करणारा' हा शिक्का मात्र वॉर्शॉवर बसला. तारीख ठरवणारे साहेब कोण होते, हे आज कुणाला आठवतही नाही.

1983 मध्ये अमेरिकेतला हा बाजारच कोसळला. दोन वर्षांनी निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपलं गेमयंत्र घेऊन तिथे उतरली ती कडक नियमांसह: परवानगीशिवाय काडतूस चालणार नाही आणि एका प्रकाशकानं वर्षाला मोजकेच गेम काढायचे. त्या यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे आल्या. 'नाइन्टी नाइन थाउजंड इन वन' असं काहीतरी छापलेलं काडतूस, फुंकर मारली की चालू. मारिओ आणि कॉन्ट्रा धुळ्या-भुसावळच्या पोरांनी असेच खेळले. चुका त्याही गेममध्ये होत्या, पण चिपवर एकदा कोरलं की मागाहून दुरुस्ती नाही, त्यामुळे जे तपासायचं ते आधीच तपासावं लागे.

इंटरनेटनं ही सक्ती संपवली. 2003 मध्ये पीसीवर ऑनलाइन गेम पोहोचवणारं स्टीम आलं, 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 हा कन्सोल, आणि विकलेला गेम घरबसल्या दुरुस्त करायची सोय झाली. सोय उत्तमच होती. आपल्या सायबर कॅफेंत तेव्हा भारनियमनाच्या वेळा सांभाळून कॉपी केलेली व्हाइस सिटी आणि काउंटर-स्ट्राइक चालायची. तिथे अपडेट वगैरे काही पोहोचतच नव्हतं. पण कंपन्यांच्या हिशेबात यामुळे मोठा फरक पडला. डिस्क छापायला काही आठवडे आधी पाठवायची आणि उरलेलं काम 'पहिल्या दिवसाच्या पॅच'मध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटमध्ये, उरकायचं. जाहिरातीचा पैसा आधीच लागलेला, तिमाहीचे आकडे भागधारकांना दाखवायचे, नाताळ चुकवायचा नाही. मग गेम तयार नसला तरी तारीख पाळता येऊ लागली.

मधल्या काळात एक सरळ मार्गही निघाला. माइनक्राफ्ट 2009 पासून 'अजून पूर्ण नाही' असं सांगूनच स्वस्तात विकला गेला आणि 2011 मध्ये पूर्ण झाला. स्टीमनं 2013 मध्ये त्यासाठी 'अर्ली ॲक्सेस' हा वेगळा विभागच काढला. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. घेणाऱ्याला आधी माहीत असतं.

फसवणूक म्हणजे काय, ते सायबरपंक 2077 नं दाखवलं. 2012 मध्ये घोषणा, मग 2020 मध्ये एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर अशा तारखा पुढे ढकलत अखेर 10 डिसेंबर. आगाऊ मागणीच ऐंशी लाख प्रतींची होती. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत दिली. जुन्या कन्सोलवर गेम कसा रडतखडत चालतो, हे विक्री सुरू होईपर्यंत कुणाला दिसलं नाही. आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. परत ठेवला तो पुढच्या जूनमध्ये. गेम बाजारात येण्याआधी तारीख पुढे ढकलली म्हणून काम करणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. जानेवारी 2021 मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, आमच्या टीमला दोष देऊ नका, गेम बाजारात आणायचा निर्णय माझा आणि संचालक मंडळाचा होता. एवढी स्पष्ट कबुली या धंद्यात क्वचितच मिळते. धमक्या देणाऱ्यांनी ती ऐकायला हवी होती.

कोड लिहिणाऱ्यांचे हाल तर 2004 मध्येच जगासमोर आले होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदारानं निनावी पत्र लिहून आठवड्याच्या पंचाऐंशी तासांच्या कामाबद्दल सांगितलं. पुढे जादा कामाच्या मोबदल्यासाठी खटले झाले आणि कंपनीला तडजोडीत पैसे मोजावे लागले.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असंही नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार युबिसॉफ्टनं पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिला होता. सप्टेंबर 2020 मध्ये झलक आली आणि चित्रांवरून इतकी टिंगल झाली की तारीख लांबतच गेली. 2022 मध्ये काम माँट्रियलला हलवलं. शिव्या खाल्ल्या त्या इथल्या पोरांनी. खान्देशातून इंजिनिअरिंग करून पुण्याला गेलेल्यांना अशाच नोकऱ्या लागतात, म्हणून हे जास्त लागतं.

अपवाद आहेतच. 'नो मॅन्स स्काय' काढणारा हॅलो गेम्स हा छोटा स्टुडिओ. मोठमोठी वचनं त्याच्या मालकानंच, शॉन मरेनं, मुलाखतींतून दिली होती. 2016 मध्ये ती खोटी पडली तेव्हा जाब त्यालाच विचारणं योग्य होतं. पुढे वर्षानुवर्षं फुकट सुधारणा देऊन त्यानं पत सावरली.

खान्देशच्या शेतकऱ्याला यातला फरक कुणी समजावायला नको. कपाशीचं बियाणं उगवलं नाही तर तो बीजोत्पादनाच्या प्लॉटवर राबणाऱ्या मजुराला धरत नाही. कृषी अधिकाऱ्याकडून पंचनामा करून घेतो आणि कंपनी नि दुकानदाराला ग्राहक आयोगात खेचतो. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलं.

गेम घेणाऱ्यालाही तोच रस्ता आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन खरेदीच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ई-कॉमर्सचे नियम भारतात माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू होतात. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला. मुंबईचे खेटे नकोत. स्टीमवर घेतला असेल तर आधी तिथेच मागावं: 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. दुकानदारानं 'पाकीट फोडलंय, आता घेणार नाही' म्हटलं, तर बिल आणि बिघाडाचं रेकॉर्डिंग जपून ठेवून 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. तिथेही निभावलं नाही, तर आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते.