लाट कोणाची? सर्फिंगमधल्या आपपरभावाची पार्श्वभूमी

पाण्यात आधी कोणी उतरायचं यावरून भांडण होतं, हे नाशिककरांना सांगायला नको. १७८९ च्या सिंहस्थात स्नानाच्या मानावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात रक्तपात झाला. पुढे पेशव्यांच्या निवाड्याने दोघांच्या जागाच वेगळ्या झाल्या. शैव त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, वैष्णव नाशकात रामकुंडावर. गेल्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका किनाऱ्यावर, सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, शिकायच्या तिसऱ्याच दिवशी, एक अनोळखी माणूस माझ्यावर ‘शिकायचं तर तिकडे जा’ असं खेकसला, तेव्हा मला आधी रामकुंड आठवलं. राग नंतर आला.

भांडणाचं मूळ टंचाईत आहे. समुद्रात लाटांना तोटा नाही, पण स्वार होण्याजोग्या लाटा थोड्या. त्या चार-पाचच्या जथ्याने येतात आणि मग बराच वेळ सामसूम. लाट जिथे फुटायला लागते त्या टोकाच्या सगळ्यांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने फळी घातली की तो ‘ड्रॉप-इन’, सर्फरांच्या लेखी महापाप. फळ्या आदळून डोकी फुटतात, त्यामुळे नियम शहाणपणाचाच आहे. पण तो बहुतेक ठिकाणी लिहिलेला नसतो, नवख्याला शिवी खाल्ल्यावर कळतो. अशा नवख्यासाठी ‘कूक’ हा खास शब्दही आहे. मी तोही ऐकला.

उच्चनीच तर हवाई बेटांवर आधीपासूनच होतं. तिथे या खेळाला ‘हेए नालू’ म्हणत, म्हणजे लाटेवर घसरणं. खेळत सगळेच, पण ‘ओलो’ नावाची लांबलचक फळी सरदारांची, आणि काही जागाही त्यांच्याच. १८२० मध्ये मिशनरी आले, बाहेरून आलेल्या रोगांनी माणसं मेली, खेळ आटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हवाईतल्याच वाइकिकी किनाऱ्यावर पुन्हा बहरला तेव्हा १९०८ चा तिथला पहिला मोठा क्लब मुख्यतः गोऱ्यांचा होता. हवाईच्या लोकांनी ‘हुई नालू’ हा स्वतःचा वेगळा काढला. त्यातलाच ड्यूक कहानामोकू. १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं आणि दोन-तीन वर्षांत सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर आपली विद्या सगळ्यांसमोर खुली केली. ज्यांची बेटं अमेरिकेच्या ताब्यात गेली त्यांच्यातलाच एक माणूस लाटा वाटत हिंडला, हे मला फार मोठं वाटतं.

मग गर्दी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जड लाकडी फळ्यांची जागा हलक्या फोमच्या फळ्यांनी घेतली. १९५९ मध्ये ‘गिजेट’ हा हॉलिवूडपट आला आणि कॅलिफोर्नियातल्या मालिबूला शहरी पोरांची रीघ लागली. १९७० च्या दशकात पायाला फळी बांधणारा दोर, म्हणजे लीश, रुळला. माझ्या मते खरी कलाटणी या दोराने दिली. तोवर फळी हातची सुटली की किनाऱ्यापर्यंत पोहत जावं लागे, त्यामुळे कच्चे लोक आपोआप गळत. दोर आल्यावर ती चाळणी गेली, आणि जुन्यांनी गाळण्याचं काम तोंडाने, काही ठिकाणी हातांनी, सुरू केलं.

लॉस एंजेलिसजवळच्या लुनाडा बेमध्ये या प्रकाराची हद्द झाली. श्रीमंत वस्तीतल्या स्थानिकांनी तिथे दशकानुदशकं बाहेरच्यांना हुसकावलं. दगड फेकणं, गाड्यांची नासधूस असे आरोप झाले. त्यांनी कड्याखाली दगडांचा अड्डाच बांधला होता. २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी तो अड्डा पाडला गेला. किनारा कायद्याने सार्वजनिक होता, तरी.

भारतात हा खेळ अजून कोवळा आहे. कर्नाटकात मुल्कीला २००४ च्या सुमारास सर्फिंगचा आश्रम उभा राहिला, राष्ट्रीय महासंघ २०११ चा. चेन्नईजवळच्या कोवळममध्ये कोळ्यांच्या मुलांनीच हा खेळ उचलला. स्थानिकपणाचा हक्क सांगायचाच तर त्यांनी सांगावा, समुद्र त्यांच्या पोटापाण्याचा आहे. माझ्यावर खेकसलेला गृहस्थ मात्र माझ्यासारखाच मोठ्या शहरातून आलेला निघाला. माझ्याआधी दोन वर्षं, इतकंच. मला शिकवणारा कोळ्याचा पोरगा त्याच्याकडे पाहून हसला आणि मला फेसाळ पाण्यात घेऊन गेला, तिथे लाटा कंबरेएवढ्या होत्या आणि रांग नव्हती.