बोर्डावरचा पालक आणि पीटीएतला पालक, प्लीज एकत्र कालवू नका

नोकरीसाठी परदेशात आलेल्या कुणीतरी इंटरनॅशनल स्कूलच्या बोर्डाची, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळाची, निवडणूक जिंकली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात मेसेज येतोच, "अभिनंदन! आता आपला माणूस आत आहे, त्या मॅथ्सच्या टीचरचं काहीतरी बघा." आणि निवडून आलेला माणूसही खुशाल अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा होतो. इथेच सगळा घोळ सुरू होतो.

पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, काय करते ते सगळ्यांना माहितीये. नवीन कुटुंबांना सामावून घेणं, कार्यक्रम, वर्गणी, वर्गाचे पालक प्रतिनिधी, पालकांचं म्हणणं शाळेपर्यंत नेणं. तिथला माणूस खरंच पालकांचा प्रतिनिधी असतो. बोर्ड शाळेचा हेड, म्हणजे सगळी शाळा चालवणारा प्रमुख, नेमतं, गरज पडली तर काढतं, बजेट आणि फी मंजूर करतं, पॉलिसी ठरवतं. बोर्डाच्या हाताखाली थेट एकच कर्मचारी असतो, तो म्हणजे हेड. बाकी टीचर, ॲडमिशनवाले, बसवाले सगळे हेडच्या हाताखाली. इथपर्यंत सोपं आहे.

लोक अडखळतात ते पुढे. पालकांनी मत देऊन निवडलं म्हणजे हा पालकांच्या वतीने बोलणार असं सगळे धरून चालतात, आणि ते चूक आहे. मत पालकांचं असलं तरी खुर्चीवर बसल्यावर बांधिलकी शाळेशी, आणि शाळा म्हणजे आज शिकणारी मुलं, शिवाय पाच वर्षांनी येणारी मुलंसुद्धा, ज्यांचे आईबाप मत द्यायला अजून त्या शहरातही आलेले नाहीत. फीचंच घ्या. ज्याची फी कंपनी भरते त्याला नवीन स्विमिंग पूल हवाच असतो, जो स्वतःच्या खिशातून भरतो त्याला एक पैसाही वाढायला नको असतो, आणि दोघंही बोर्डात बसून अगदी प्रामाणिकपणे म्हणतात की मी पालकांचं मत मांडतोय. कसलं मत, स्वतःचं पाकीट बोलतंय ते! त्यात आपण बदलीवाले लोक, दोन-तीन वर्षांत सामान बांधणार, आणि सही कशावर करणार तर वर्षानुवर्षं फेडायच्या इमारतीच्या कर्जावर.

आता तो मॅथ्सचा टीचर. बोर्ड मेंबरला मीटिंगच्या बाहेर शून्य अधिकार असतो, अधिकार असतो तो पूर्ण बोर्डाला, ठराव करून. तक्रार आधी टीचरकडे, मग त्या सेक्शनच्या प्रिन्सिपलकडे, मग हेडकडे जायला हवी, आणि तक्रारीच्या पॉलिसीत लिहिलेलं असेल तरच शेवटच्या पायरीला बोर्डाकडे. तुम्ही पार्किंगमध्ये उभं राहून ती आधीच ऐकली असेल, वर "मी बघतो" म्हणाला असाल, तर ती खरोखर बोर्डापर्यंत आली तेव्हा निवाड्याला बसायला तुम्ही बाद, कारण तुमचं मत आधीच झालंय. म्हणजे मदत करायला गेलात आणि त्या पालकाचं अपील कच्चं करून ठेवलंत. "हेडना लिहा, मला सांगू नका" एवढं एक वाक्य पाठ असलं तरी पुष्कळ आहे. ते तुटक वाटतं, वाटू दे.

आणि हो, मीटिंगमध्ये विरोधात मत दिलं असेल तरी बाहेर आल्यावर ठराव सगळ्यांचा. ग्रुपवर "मी तर नाहीच म्हणालो होतो" टाकणारे लोक मला अजिबात सहन होत नाहीत. स्वतःच्या मुलाचा विषय निघाला तर खोलीबाहेर जायचं, घरी जोडीदारालाही सांगायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पालक बोर्डावर असण्यात काही गैर आहे असं मात्र मी म्हणत नाहीये. जिनिव्हातली इंटरनॅशनल स्कूल 1924 मध्ये लीग ऑफ नेशन्स आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी निघाली, आणि अशा कितीतरी शाळा बदलीवाल्या आईबापांच्या गरजेतूनच उभ्या राहिल्यात. सीआयएस (काउन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स) सारख्या संस्था शाळांना मान्यता देताना बोर्ड आणि हेड आपापल्या कामात राहतात का तेही तपासतात, तेव्हा ही माझीच खोड आहे असं समजू नका.

निवडणुकीला उभं राहण्याआधी मात्र शाळेची घटना, म्हणजे तिची लेखी नियमावली, मागून घेऊन वाचा. शाळा एखाद्या कंपनीच्या मालकीची असेल तर ज्याला बोर्ड म्हणतात ते पुष्कळदा नुसतं सल्लागार मंडळ निघतं, चहा-बिस्किटं आणि मालकाचं प्रेझेंटेशन, निर्णय वरती झालेला. खरं बोर्ड असेल तर त्या देशाच्या कायद्यात मेंबरवर वैयक्तिक जबाबदारी येते का, आणि शाळेने मेंबरांसाठी विमा काढलाय का हे लेखी विचारा. शिवाय तुमच्या व्हिसावर आणि कंपनीच्या नियमात असं पद चालतं का तेही बघा, हे एचआरला विचारायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.