पायावरची सूज आणि पाणी उतरवण्याचा इतिहास

नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलल्यावर खळगा तसाच राहिला, की आपल्याकडे 'अंगात पाणी झालंय' म्हणतात. ऐकायला हे निदान वाटतं, पण आहे ते लक्षणच. हा फरक नीट कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

तोवर सगळा भर पाणी काढण्यावर. सुश्रुतसंहितेत जलोदरासाठी बेंबीखाली डाव्या बाजूला टोचून नळीने पाणी काढायला सांगितलंय. सगळं पाणी एका दिवशी काढू नये, नंतर पोट लोकर, रेशीम किंवा कातड्याने आवळून बांधावं, असंही बजावलंय. सूचना रास्तच, कारण पोटातलं पाणी एकदम उपसलं तर रक्तदाब कोसळू शकतो. सुजेवर पुनर्नवा ही वनस्पतीही फार जुनी. गावाकडे तिला घेटुळी म्हणतात.

इंग्लंडात विल्यम विदरिंग या डॉक्टरने एका म्हातारीच्या झाडपाल्याच्या काढ्यातली नेमकी कामाची वनस्पती हुडकली, ती डिजिटॅलिस. 1785 साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. भरपूर लघवी होऊन सूज उतरे, म्हणून हे मुख्यतः लघवीचं औषध मानलं गेलं. खरी करामत हृदयावरची होती. मात्रा जरा चुकली की तेच औषध जीवावर बेतायचं.

खरं वळण मात्र एका चमच्यात सापडलं. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचा. काहींची लघवी त्यातल्या प्रथिनांमुळे अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची, आणि अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं बिघडलेली दिसायची. 1827 मध्ये त्याने हे मांडलं. पुढे 1896 मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंगने त्यामागचं कारण दाखवलं: रक्तातली प्रथिनं पाणी केशवाहिन्यांत, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांत, धरून ठेवतात, आतला दाब ते बाहेर ढकलतो. प्रथिनं लघवीवाटे गेली किंवा दाब वाढला, की पाणी ऊतींत साचतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये विडाल यांनी मिठाचा दोष दाखवून दिला. शरीर मीठ अडवतं आणि मिठापाठोपाठ पाणी अडतं.

औषधं मात्र योगायोगानेच मिळत गेली. 1919 मध्ये व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल हा वैद्यकाचा विद्यार्थी सिफिलिसच्या एका रुग्ण मुलीला पाऱ्याचं इंजेक्शन देत होता. परिचारिका लघवीचा तक्ता चोख भरायची, आणि इंजेक्शनच्या दिवशी त्यातला आकडा उंच चढलेला दिसला. तक्त्यात हयगय झाली असती तर ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली असती का, कोण जाणे. पुढची तीसेक वर्षं सुजेवर पाऱ्याची इंजेक्शनंच चालली.

मग सल्फाची पाळी. संसर्गावरच्या या औषधाने मूत्रपिंडातून सोडियम जास्त बाहेर पडतं, हे पाहून 1949 मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी ते हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांना दिलं. सूज उतरली, पण औषध फार काळ घेण्याजोगं नव्हतं. त्याच धाग्यावरून 1950च्या दशकाअखेर क्लोरोथायझाइड ही गोळी आली आणि 1960च्या दशकात जर्मनीच्या होएख्स्टची फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली लॅसिक्स.

गोळी स्वस्त आणि हाताशी आली, तशी जुनी सवयही परतली: सूज दिसली की लॅसिक्स. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनने घोटे सुजतात ते बारीक धमन्या सैलावून केशवाहिन्यांतला दाब वाढल्यामुळे, शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे नव्हे. तिथे लघवीच्या गोळीचा फारसा उपयोग नसतो. डॉक्टरांना विचारून औषध बदलणं किंवा मात्रा कमी करणं हाच इलाज. एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखत असेल, तर शिरेत गुठळी असू शकते. तेव्हा गोळीही नको आणि मालीशही नको, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हृदयाच्या रुग्णांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करून लिहून ठेवावं. दोन-तीन दिवसांत ते दोनेक किलोंनी वाढलं, तर पाणी साचू लागलंय, मग पाय सुजलेले दिसोत वा न दिसोत.