पंच, फासे आणि अर्धवट माहिती : रोलप्लेच्या खेळामागचा इतिहास

एक जण गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा. बाकीचे आपलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि निकाल सरळ लागत नसेल तिथे फासा पडतो. रोलप्लेची ही घडण जादूगार आणि ड्रॅगन येण्याच्या दीडशे वर्षं आधी प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या लष्करात तयार झाली. गेम मास्टर हा मुळात युद्धसरावातला पंच.

सुरुवात बुद्धिबळापासून झाली. जर्मनीतल्या ब्रन्सविकचे गणिताचे शिक्षक योहान हेलविग यांनी १७८० मध्ये १,६१७ घरांचा पट मांडला आणि घरांना रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवली. पण पट दोन्ही बाजूंना पूर्ण दिसायचा, आणि युद्धात नेमकं तेच होत नाही. शत्रू कुठे आहे हे निम्मंच कळतं, आणि आपलीच तुकडी हुकुमाप्रमाणे वागेल याचीही खात्री नसते.

यावर खरा तोडगा काढला तोफखान्यातले लेफ्टनंट गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी. वडिलांच्या खेळावर काम करून त्यांनी १८२४ मध्ये आपले नियम छापले. नकाशा १:८००० प्रमाणाचा, एक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटं, निळी बाजू विरुद्ध लाल बाजू. खेळाडू सोंगट्या हलवत नाही, पंचाला लेखी हुकूम देतो. घोडेस्वाराला तो हुकूम पोचवायला किती वेळ लागेल ते पंच मोजतो, आणि शत्रूची तुकडी खरोखर नजरेच्या टप्प्यात आली तरच तिची सोंगटी नकाशावर ठेवतो. गोळीबाराचं नुकसान फासे आणि तक्ते ठरवतात. हुकूम पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते, हा धडा अधिकारी इथे रक्त न सांडता शिकत.

अडचण तक्त्यांची झाली. दोन मिनिटांच्या डावाचा हिशेब करताना पंच आकड्यांत बुडून जाई आणि खेळ रेंगाळे. म्हणून १८७६ मध्ये प्रशियाचेच सेनाधिकारी फेर्डी द्यु व्हेर्नवा यांनी तक्ते बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या बुद्धीवर सोपवला. खेळ वेगवान झाला, पण पंच पक्षपाती किंवा भिडस्त निघाला तर सगळंच मुसळ केरात. रोलप्लेच्या टेबलावर ‘नियम की गेम मास्टरचा शब्द’ ही हुज्जत आजही घातली जाते. ती तेव्हापासूनची आहे.

भिडस्त पंचाचं ठळक उदाहरण जपानी नौदलाचं. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेआधी १९४२ मध्ये यामातो युद्धनौकेवर सराव झाला. त्यात सहभागी असलेल्या अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलं, की फाशांनी जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पाडले होते. सराव चालवणाऱ्या अ‍ॅडमिरल उगाकींनी ते तीनवर आणले. सरावात बुडालेली ‘कागा’ ही विमानवाहू नौका पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगू लागली. जूनमधल्या खऱ्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी उलटं केलं. खोलीची फरशी म्हणजे समुद्र. व्यापारी ताफ्याला जर्मन पाणबुड्यांपासून वाचवणाऱ्या संरक्षक नौकांचे कप्तान पडद्याआड, त्यांना फटीतून दिसेल तेवढंच दिसे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने आखला जाई, कारण त्या कोनातून तो रंग दिसत नसे. नौदलातल्या तरुणी या पाणबुड्या चालवत आणि अनुभवी अधिकाऱ्यांना हरवत. पाणबुडी रात्री ताफ्याच्या मागून शिरते, रांगांमध्येच राहून टॉर्पेडो सोडते, मग बुडी मारून ताफा डोक्यावरून जाऊ देते, हे या सरावातून उलगडलं. त्यावरून ‘रास्पबेरी’ हा डावपेच निघाला : बाहेर धावण्याऐवजी संरक्षक नौकांनी ताफ्याच्या पिछाडीकडे वळून शोध घ्यायचा.

लष्कराकडून हौशी खेळाडूंकडे हा धागा आला तो अमेरिकेतल्या मिनेसोटात. डेव्हिड वेस्ली यांना चार्ल्स टॉटन यांचं १८८० चं अमेरिकी युद्धसरावाचं पुस्तक सापडलं. खेळाडूने काहीही करून पाहावं, निकाल पंचाने द्यावा, ही त्यातली कल्पना त्यांनी उचलली. १९६९ मध्ये त्यांनी ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि सेनापतींबरोबरच महापौर, बँकर, कुलपती अशाही भूमिका वाटल्या. सैन्यं भिडलीच नाहीत. खेळाडू आपसात कारस्थानं करत बसले, दोघांनी तर द्वंद्व पुकारलं, ज्याचा नियमच नव्हता. तो वेस्लींना जागेवर बनवावा लागला. त्यांना वाटलं प्रयोग फसला, आणि खेळाडू पुढचा खेळ मागू लागले.

त्यांतले डेव्ह आर्नेसन यांनी ब्लॅकमूर हे खेळाचं काल्पनिक जग रचलं. युद्धखेळात एका फटक्यात सोंगटी मरते, पण जीव लावलेलं पात्र असं गेलं तर खेळाडू चिडतो. म्हणून त्यांनी नौदल-खेळांतून ‘हिट पॉइंट’ आणले : जहाज जसं हळूहळू निकामी होतं तसं पात्र. गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत त्याचा १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोलप्लेचा खेळ झाला. पहिल्या छपाईत हजार प्रती.

मित्रांच्या चॅट-ग्रुपवर असा खेळ चालवताना हेलविग यांच्या पटाचीच जुनी अडचण पुन्हा येते. सगळं ग्रुपवर लिहिलं की टेहळणीला गेलेल्या पात्राने पाहिलेलं सगळ्यांना कळतं, आणि मग कुणीच अंधारात नसतं. टेहळणीची बातमी त्या एकालाच खासगी मेसेजने द्यावी, आणि त्याने ती इतरांना पुढच्या डावातच सांगावी. फासा मात्र ग्रुपवर, सगळ्यांसमोर टाकावा. फासा पडण्याआधी किती आकड्याला काय होणार हेही लिहून ठेवावं, म्हणजे बुडालेलं जहाज वर काढायचा मोह पंचाला होत नाही.