सिस्टम कॉल हाताळणी

चालू प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, एखाद्या कामाची मागणी करतो, तिला सिस्टम कॉल म्हणतात. फाइल उघडणे, तीत लिहिणे, नेटवर्कवर जोडणी मागणे, नवी प्रक्रिया (चालणारा प्रोग्रॅम) सुरू करणे, वाट पाहत झोपणे ही सगळी कामे प्रोग्रॅमला स्वतः करता येत नाहीत. ही मागणी स्वीकारण्यापासून तपासणी, अंमलबजावणी आणि उत्तर देऊन प्रोग्रॅमला पुन्हा चालू करण्यापर्यंतचा जो भाग कर्नल पार पाडतो, त्याला सिस्टम कॉल हाताळणी म्हणावे. पुढील तपशील मुख्यतः लिनक्सचा आहे. विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात आज चालणारे अँड्रॉइड फोन याच कर्नलवर चालतात.

प्रोसेसर एका वेळी एकाच अधिकारपातळीवर असतो. साधा प्रोग्रॅम खालच्या पातळीवर चालतो आणि तिथून डिस्क, नेटवर्क कार्ड किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमची मेमरी यांना हात लावता येत नाही. पातळी बदलायची तर ठरलेल्या वाटेनेच जावे लागते. १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या अ‍ॅटलस संगणकात यासाठी ‘एक्स्ट्राकोड’ नावाच्या सूचना होत्या. कल्पना तेव्हाची आहे, पुढे बदलत गेली ती वाट.

प्रवेश. ३२ बिटच्या इंटेल यंत्रांवर लिनक्स बराच काळ व्यत्यय (चालू काम थांबवून कर्नलला बोलावणारी खूण) क्रमांक १२८ वापरत असे. ६४ बिटच्या यंत्रांवर ‘सिसकॉल’ ही स्वतंत्र सूचना आहे. प्रोग्रॅम हव्या त्या कॉलचा क्रमांक आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवण-जागेत) ठेवतो आणि जास्तीत जास्त सहा माहिती-मूल्ये आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आर१०, आर८ व आर९ यांत भरतो. साध्या फंक्शनला चौथे मूल्य आरसीएक्समधून मिळते, मग इथे तसे का नाही, असा प्रश्न शिकणाऱ्याला हमखास पडतो. परतीचा पत्ता प्रोसेसर स्वतःच आरसीएक्समध्ये टाकतो, त्यामुळे तिथे आधी ठेवलेले मूल्य पुसले जाते. ही सूचना वेगवान असते, कारण ती फारच थोडे काम करते. ती स्टॅकसुद्धा (प्रोग्रॅमची तात्पुरत्या माहितीची मेमरी) बदलत नाही. म्हणून कर्नलच्या पहिल्या काही ओळी अत्यंत जपून लिहिलेल्या असतात. प्रोग्रॅमचा स्टॅक पॉइंटर बाजूला ठेवून त्या प्रक्रियेसाठी राखलेल्या कर्नल स्टॅकवर उडी मारायची आणि सर्व रजिस्टरे तिथे जतन करायची, एवढे त्यांचे काम. हा स्टॅक ६४ बिटच्या इंटेल यंत्रांवर अवघा १६ केबीचा असतो.

मग क्रमांकावरून योग्य फंक्शन शोधले जाते. क्रमांक यादीबाहेरचा असेल तर ‘असा कॉल नाही’ हा ३८ क्रमांकाचा दोष परत जातो. क्रमांक यंत्रागणिक वेगळे असतात. वाचण्याचा ‘रीड’ हा कॉल ६४ बिट इंटेलवर ०, ३२ बिटवर ३, तर फोनमधल्या ६४ बिट एआरएमवर ६३ आहे. मात्र एकदा दिलेला क्रमांक लिनक्स बदलत नाही, त्यामुळे जुने प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालत राहतात. विंडोजमध्ये क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात आणि प्रोग्रॅमने ठरलेल्या लायब्ररीतूनच आत यावे अशी अपेक्षा असते. दोन्ही धोरणे चालतात, पण वीस वर्षांपूर्वीचा हिशेबाचा प्रोग्रॅम अजून वापरणाऱ्याला पहिले जास्त सोयीचे.

मूल्यांची तपासणी. कर्नलने प्रोग्रॅमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो. दिलेला पत्ता प्रोग्रॅमच्याच मेमरीतला आहे का, हे पाहिल्याशिवाय तिथे वाचणे-लिहिणे होत नाही. यासाठी माहितीची नक्कल करणारी खास फंक्शने आहेत. पत्ता खोटा निघाला तर कर्नल कोसळत नाही, ‘चुकीचा पत्ता’ हा १४ क्रमांकाचा दोष परत करतो. यापेक्षा अवघड प्रश्न वेळेचा आहे. फाइलचे नाव तपासले आणि वापरण्याआधी त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या धाग्याने) ते बदलले तर? फेरफाराचा अर्ज तलाठ्याने वाचला, पण नोंद होईपर्यंत कागद अर्जदाराच्याच हातात राहिला, तर वाचलेला गट क्रमांक आणि नोंदलेला गट क्रमांक एकच असेल याची खात्री काय? म्हणून कर्नल नावाची नक्कल एकदाच आपल्या मेमरीत घेतो, तपासणी आणि काम दोन्ही त्या नकलेवर करतो. हा नियम विसरलेल्या ड्रायव्हरांमधून (उपकरणे हाताळणाऱ्या कर्नलच्या भागांतून) सुरक्षेची पुष्कळ भोके पडली आहेत.

थांबणे आणि अपुरे उत्तर. बहुतेक पुस्तके प्रवेशाच्या यंत्रणेवर पाने खर्च करतात. प्रत्यक्षात प्रोग्रॅम फसतात ते परतीच्या उत्तराचा अर्थ लावताना. हिंगणघाट किंवा वणीच्या बाजूला जिनिंगवर कापसाचा ट्रॅक्टर आला की तो आधी धरमकाट्यावर चढतो. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, अशी दोन वजने होतात. काट्याचा डिस्प्ले ते वजन सीरियल केबलने संगणकाला पाठवतो. संगणक लिनक्सवर चालणारा आहे असे धरू. तिथल्या प्रोग्रॅमने ‘रीड’ कॉल केला तेव्हा केबलवर काहीच आलेले नसेल, तर कर्नल त्या प्रक्रियेला प्रतीक्षा-रांगेत झोपवतो आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला देतो. अक्षरे आली की सीरियल चिप व्यत्यय पाठवते, ड्रायव्हर अक्षरे उचलून बफरमध्ये ठेवतो आणि झोपलेल्या प्रक्रियेला उठवतो. म्हणजे एकच कॉल दोन तुकड्यांत पुरा होतो आणि मधल्या वेळात यंत्र भलतेच काम करत असते.

आता ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. वजन ६२४० किलो असेल आणि पोर्ट ‘मिळेल तेवढे दे’ अशा पद्धतीने लावलेला असेल, तर पहिला ‘रीड’ फक्त ‘६२’ घेऊन परत येऊ शकतो, ‘४०’ पुढच्या कॉलला. कर्नलची यात चूक नाही. ‘रीड’ने मागितले तेवढे सगळे देण्याचे वचन कधीच दिलेले नाही, किती बाइट दिले तेवढे तो सांगतो. ओळ पूर्ण होईपर्यंत जोडत राहणे हे प्रोग्रॅमचे काम. अर्धवट वजन पावतीवर छापणारा प्रोग्रॅम किती बाइट आले हा आकडा वाचतच नसतो.

वाट पाहताना प्रक्रियेला सिग्नल (बंद हो, थांब अशी बाहेरून आलेली सूचना) आला, तर कॉल मध्येच सुटून ‘व्यत्यय आला’ हा ४ क्रमांकाचा दोष देतो किंवा कर्नल तो आपणहून पुन्हा सुरू करतो. डिस्कची वाट पाहणाऱ्या काही प्रक्रिया मात्र सिग्नललाही जागत नाहीत. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कवर अडकलेला प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करता येत नाही, तो यामुळेच.

लिहिले म्हणजे काय? ‘राइट’ कॉल यशस्वी झाला याचा अर्थ माहिती डिस्कवर गेली असा नाही. ती कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये, उतरली एवढाच. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ती साधारण ३० सेकंद जुनी झाली की डिस्ककडे पाठवण्यास पात्र ठरते आणि हे काम करणारा थ्रेड दर ५ सेकंदांनी जागा होतो. तेवढ्यात लाइन गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असली, तर पडद्यावर ‘जतन झाले’ दिसलेली पावती पुन्हा चालू केल्यावर सापडत नाही. भारनियमनाच्या गावात हा प्रसंग काल्पनिक नाही. उपाय ‘एफसिंक’ हा कॉल आहे. डिस्कने माहिती स्वीकारून पक्की केल्याचे कळवेपर्यंत तो परतत नाही, म्हणून तो हळू असतो. जुन्या नोंदीवर नवी लिहायची असेल तर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, ‘एफसिंक’ करून, मग नाव बदलणे ही रीत सुरक्षित, कारण नावबदल एकतर पूर्ण होतो किंवा होतच नाही. चांगले डेटाबेस हे स्वतः करतात. साध्या फाइलवर हिशेब ठेवणारे छोटे प्रोग्रॅम सहसा करत नाहीत.

दोष कळवणे. कर्नल −१ ते −४०९५ यांमधले मूल्य परत देतो तेव्हा तो दोष समजायचा. सी लायब्ररी त्याचे ‘एररनो’ या चलात रूपांतर करते. दोषांमधला फरक वापरणाऱ्यालाही जाणवतो. शेताच्या धुऱ्यावर उभे राहून ई-पीक पाहणीसारखे अ‍ॅप उघडले आणि फोनला नेटवर्कच नसले, तर ‘कनेक्ट’ कॉल ‘नेटवर्क पोहोचत नाही’ असे लगेच सांगतो. एक दांडी दिसते आहे पण डेटा पुढे सरकत नाही, अशी स्थिती जास्त छळते. लिनक्सची मूळ मांडणी तशीच ठेवली तर जोडणीची विनंती पुन्हा पुन्हा पाठवली जाते आणि कॉल सुमारे दोन मिनिटे अडकून बसतो. म्हणून शहाणे अ‍ॅप न अडकणारी जोडणी मागते आणि आपली मुदत आपण ठरवते. सगळीच तसे करत नाहीत.

सुरक्षा आणि किंमत. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन दोषामुळे अनेक इंटेल प्रोसेसरांवर साधा प्रोग्रॅम कर्नलची मेमरी आडमार्गाने वाचू शकत होता. लिनक्स ४.१५ ने कर्नल आणि प्रोग्रॅम यांची पान-कोष्टके (कोणता पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे ते सांगणारे तक्ते) वेगळी केली. तेव्हापासून त्या यंत्रांवर प्रत्येक सिस्टम कॉलला जाता-येता कोष्टक बदलण्याचा खर्च पडतो. सेककॉम्प ही सोय प्रोग्रॅमला कोणते कॉल करू द्यायचे ते मर्यादित करते. ती २००५ मध्ये आली, २०१२ मध्ये तिला चाळणी लिहिण्याची सोय मिळाली, आणि अँड्रॉइड ८ पासून फोनमधल्या सर्व अ‍ॅपना अशी चाळणी लागू आहे.

खर्च टाळण्याचे मार्गही निघाले. वेळ विचारण्यासारखे कॉल व्हीडीएसओ या सोयीने कर्नलमध्ये न शिरताच पुरे होतात, कारण घड्याळाची माहिती असलेले पान कर्नलने प्रोग्रॅमला वाचायला उघडे ठेवलेले असते. २०१९ मधल्या लिनक्स ५.१ पासून आयओ-यूरिंगमध्ये मागण्या सामाईक रांगेत टाकून एकदम देता येतात. कोणता प्रोग्रॅम कुठे अडकला हे पाहण्यासाठी एस-ट्रेस (strace) हे साधन वापरतात. ते प्रत्येक कॉल, त्याची मूल्ये आणि परतलेला आकडा ओळीओळीने दाखवते, पण त्यामुळे प्रोग्रॅम बराच मंदावतो. व्हीडीएसओमधून भागलेले कॉल आणि आयओ-यूरिंगच्या रांगेतली एकेक मागणी मात्र त्यात दिसत नाही.