ऊर्जाशिक्षण (सातारा जिल्ह्याच्या संदर्भात)

ऊर्जा कुठून येते, तिच्या जोरावर माणसाने आपले जगणे कसे घडवले आणि त्यासाठी निसर्गाला व माणसांना काय किंमत मोजावी लागली, या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्याच्या पद्धतीला ऊर्जाशिक्षण म्हणतात. शाळेत हा विषय विखुरलेला असतो. कार्य व ऊर्जा विज्ञानात, औद्योगिक क्रांती इतिहासात, धरणे व खनिजे भूगोलात आणि प्रदूषण पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत. मुलांचे चारही धडे पाठ असतात, पण घरातला दिवा लावताना या चार धड्यांची एकमेकांशी सोयरीक आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सातारा जिल्ह्यात ही सोयरीक डोळ्यांनी दाखवता येते. जलविद्युत, पवनचक्क्या, उसाच्या चिपाडावरची वीज, शेणाचा गॅस आणि चुलीतले जळण, सगळे एसटीने एका दिवसात गाठता येईल अशा अंतरात आहे.

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा निर्देश दिले. त्यामुळे विषय वेळापत्रकात आला. मात्र अनेक ठिकाणी तो दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेल्या फाईलपुरताच उरला, ही खेदाची गोष्ट आहे. ऊर्जेचा विषय चित्रांनी समजत नाही. तो मोजून समजतो.

मोजमापापासून सुरुवात

वीजबिलावरचे एक ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. हा आकडा मुलांच्या मनात काहीच उभे करत नाही. तोच अन्नाच्या भाषेत सांगितला तर सुमारे ८६० किलोकॅलरी होतो. ज्वारीच्या पाव किलो पिठात जवळपास एवढी ऊर्जा असते. म्हणजे एका युनिटात तीनेक भाकरी. अंगमेहनत करणारा धडधाकट माणूस दिवसभर राबून जे यांत्रिक काम करतो, ते अर्ध्या-पाऊण युनिटाच्या आसपास भरते.

याहून चांगले उदाहरण मोटेचे आहे. विजेचा पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेने उपसत. चामड्याच्या मोटेला वरून जाड नाडा आणि खालच्या सोंडेला बारीक सोंदूर बांधलेला असे. मोटकरी बैलांना धावेवरून खाली हाके, नाडा चाकावरून सरके, मोट वर येई आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात कोसळे. मग बैल मागे सारत पुन्हा विहिरीच्या तोंडाशी आणायचे. मोटेत १५० लिटर पाणी आणि विहीर १० मीटर खोल धरली, तर एका मोटेचे काम सुमारे १४,७०० ज्यूल होते. या हिशेबाने एका युनिटाएवढे काम व्हायला अडीचशेच्या जवळपास मोटा ओढाव्या लागतात. पंप आणि मोटार मिळून निम्मी ऊर्जा वाया घालवतात असे मानले, तरी एक युनिट वीज सव्वाशे मोटांचे काम करते आणि त्यासाठी बिलात काही रुपयेच लागतात. आठवीच्या मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घेतले की वर्ग क्षणभर गप्प होतो. ऊर्जा आणि मानवी संस्कृती यांचा संबंध त्या शांततेत जेवढा पोहोचतो, तेवढा वाफेच्या इंजिनावरच्या परिच्छेदाने पोहोचत नाही. गावात कोणाच्या तरी मळ्यात धावेचा उतार आणि थारोळ्याचे दगड अजून असतात. ते दाखवून मगच गणित घालावे.

मोटेकडून पंपाकडे झालेला हा प्रवास याच मुलखात घडला. औंध संस्थानच्या जागेवर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली (आता सांगली जिल्ह्यात). तिथल्या लोखंडी नांगरांनी आणि चरकांनी शेतीतल्या मेहनतीचे स्वरूप बदलले. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत टांगलेला असे. असा कंदील माळ्यावर सापडला तर तो वर्गात आणावा. रॉकेल म्हणजे कोट्यवधी वर्षे जमिनीखाली साठलेला सूर्यप्रकाश, ही कल्पना वात, काच आणि काजळी हाताळताना मुलांना पटते.

गुऱ्हाळ, कारखाना आणि उसाचा हिशेब

कऱ्हाड, पाटण भागातले गुऱ्हाळ ही ऊर्जेची स्वयंपूर्ण प्रयोगशाळा आहे. चरकातून रस निघतो तो काहिलीत जातो. उरलेले चिपाड उन्हात वाळते आणि तेच चुलवाणात जळते. जळव्या एका लयीत चिपाड आत सारत असतो. जाळ कमी पडला तर रस आटत नाही, जास्त झाला तर गूळ करपतो. कडेला उभा गुळव्या काकवीचा रंग आणि फेसाचा आवाज ओळखून काहील उतरवायची वेळ ठरवतो. रस आटवायला लागणारे सगळे इंधन त्याच उसातून मिळते, बाहेरून लाकूडफाटा आणावा लागत नाही. ऊर्जेच्या वर्तुळाचे इतके सुबक उदाहरण जवळपास दुसरे नाही. साखर कारखान्यांत हेच मोठ्या प्रमाणावर होते. चिपाड (बगॅस) बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात, तिच्यावर कारखाना चालतो आणि वरची वीज ग्रीडला (वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याला) विकतात. याला सहवीजनिर्मिती म्हणतात.

पण हिशेब इथे थांबवला तर तो खोटा ठरेल. ऊस उभा करायला पाणी लागते, ते उपसायला वीज लागते, युरिया तयार करायला नैसर्गिक वायू लागतो आणि ट्रॅक्टरला डिझेल. मिळालेली ऊर्जा आणि ती मिळवण्यासाठी खर्चलेली ऊर्जा यांच्या गुणोत्तराला ऊर्जा-परतावा म्हणतात. हा शब्द पाठ्यपुस्तकात नसला तरी शेतकऱ्याच्या पोराला तो पटकन कळतो, कारण ‘खर्च वजा जाता काय उरलं’ हा प्रश्न त्याच्या घरात रोजचा असतो. तोडणीनंतर पाचट पेटवायचे की सरीत कुजवायचे, हा वादही याच धड्यात यावा. पेटवलेल्या पाचटातला कर्ब हवेत जातो, कुजवलेल्यातला काही भाग मातीत राहतो आणि ओलावाही टिकतो.

पवनचक्क्या आणि सरडा

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातील वनकुसवडे या पठारांवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. म्हणून पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यात इथे भरपूर वीज होते आणि हिवाळ्यात बरीच पाती स्वस्थ दिसतात. ‘पंखे बंद का?’ हा सहलीतला हमखास प्रश्न. त्याच्या उत्तरातून वीज साठवण्याची अडचण आपोआप समोर येते.

वाऱ्यावर वीज होताना धूर निघत नाही, पण कोणताच परिणाम होत नाही असे मुलांना सांगू नये. चाळकेवाडीच्या पठारावर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी खूपच कमी आढळले. नसलेल्या भागात त्यांची संख्या जवळपास चौपट होती. शिकारी कमी झाल्यामुळे पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे पवनचक्क्यांच्या भागात जास्त झाले. त्यांच्यातील तणावाची संप्रेरके कमी भरली आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. या सरड्यांच्या गटाला शास्त्रज्ञांनी दिलेले नावच ‘सरडा’ आहे, थेट मराठीतून घेतलेले. नराच्या गळ्याची निळी-काळी-केशरी झालर उन्हाळ्याच्या अखेरीस जांभ्याच्या दगडावर उघडताना दिसते. माणसाने उभारलेल्या यंत्राचा परिणाम घारीवरून सरड्यापर्यंत कसा उतरतो, हे एवढ्या जवळून दाखवणारी जागा शिक्षकांना सहजी मिळत नाही. पलीकडे कासचे पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा भाग. कास तलावाचे पाणी उताराने साताऱ्याकडे येते. गुरुत्वाकर्षण फुकट काम करते, हा छोटा धडा तिथे उभे राहूनच द्यावा.

घरच्या मीटरवरचा प्रयोग

सहल वर्षातून एकदा होते, मीटर मात्र रोज भिंतीवर असतो. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातील सगळी उपकरणे बंद करून एकच चालू ठेवायचे आणि मिनिटभर लुकलुकी मोजायच्या. आठ आल्या तर तासाला ४८०, म्हणजे १५० वॉट. फ्रिज, जुना पंखा, नवा पंखा, टीव्ही असा एकेकाचा हिशेब वहीत मांडता येतो. गिझर लावला की दिवा एवढ्या घाईने लुकलुकतो की मोजता मोजता पुरेवाट होते. पाणी तापवणे ही केवढी खर्चिक गोष्ट आहे ते तेव्हा कळते. देशातील बहुतांश वीज अजून कोळशावर होते आणि ग्रीडच्या सरासरी युनिटामागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत या वायूचे प्रमाण दशलक्षात २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेले आहे. आपल्या मीटरपासून या आकड्यापर्यंतचा धागा मुलांनी स्वतः ओढलेला असला की तो विसरत नाहीत.

चुलीचा हिशेबही याच वहीत असावा. शेणी, काटक्या, गोबरगॅस आणि सिलिंडर यांपैकी घरात काय जळते, जळण कोण गोळा करते आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे लिहून काढताना ऊर्जेच्या प्रश्नात आई आणि आजी येतात. पाठ्यपुस्तकात त्या क्वचितच असतात.

हाताने काम करत शिकण्याला साताऱ्यात मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली. वसतिगृहातील मुले शेतात राबत आणि शिकत. श्रम म्हणजे ऊर्जा, ही व्याख्या त्या मुलांना वेगळी समजवावी लागत नसे.

कोयना : पाणी कोणत्या बाजूला?

जिल्ह्यातील ऊर्जाशिक्षणाचा गाभा कोयना आहे. पाटण तालुक्यातील कोयनेवरचे धरण १०३ मीटर उंच आहे. शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि प्रकल्पाची एकूण क्षमता १,९०० मेगावॉटहून अधिक आहे. कोयना मूळची पूर्ववाहिनी. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. विजेसाठी मात्र तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात. ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर कोसळते आणि वाशिष्ठीतून अखेर समुद्राला जाते. हजार लिटर पाण्यामागे सैद्धांतिक हिशेबाने १·३ युनिट वीज मिळते.

आता तेच हजार लिटर पूर्वेला ठेवले तर? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. टेंभू किंवा जिहे-कठापूरसारख्या उपसा योजना नदीचे पाणी दुष्काळी पट्ट्यापर्यंत टप्प्याटप्प्याने वर चढवतात. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला आदर्श परिस्थितीत ०·२७ युनिट लागते, प्रत्यक्षात एक तृतीयांश युनिटाच्या पुढे. म्हणजे पश्चिमेला सोडलेले पाणी वीज देते आणि पूर्वेला न्यायचे पाणी वीज मागते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७·५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वर्गाचे दोन गट करून हा वाद घालावा. एका गटाने कारखाने, रेल्वे आणि दिवे यांची बाजू मांडावी, दुसऱ्याने माणमधल्या म्हसवडच्या शेतकऱ्याची. शिक्षकाने निकाल देऊ नये, दोघांकडूनही आकडे मागावेत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे मेली आणि कोयनानगरची घरे कोसळली. जलाशयातील पाण्यामुळे प्रेरित झालेल्या भूकंपांचे हे जगातील सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे आणि खडकात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. स्वच्छ म्हटल्या जाणाऱ्या ऊर्जेची हीही बाजू वर्गात यायला हवी.

आणि धरणग्रस्तांची. जलाशयाखाली गेलेल्या गावांतली माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा जिल्ह्यांत विखुरली गेली. देवराई, खाचरे, नदीकाठची भातशेती मागे राहिली. अनेकांचा हक्काच्या जमिनीसाठीचा झगडा पुढच्या पिढ्यांपर्यंत चालला. त्यांच्या वसाहतींत अजूनही जुन्या गावाचे नाव सांगणारी म्हातारी माणसे भेटतात. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे, आधी गावाबद्दल, जत्रेबद्दल, गुरांबद्दल विचारावे, घाई करू नये. मग विचारावे, ‘आजोबा, तुमच्या नव्या घरी वीज कोणत्या साली आली?’ ते सांगतील ते साल वहीत लिहून घ्यावे आणि त्याच ओळीत पुढे कोयनेचा पहिला वीजनिर्मिती संच सुरू झाल्याचे साल लिहावे : १९६२.