एपीओएल-१ जनुक आणि मूत्रपिंडविकार

एपीओएल-१ हे माणसाच्या २२व्या गुणसूत्रावरील, जन्मजात रोगप्रतिकारशक्तीचे जनुक आहे. त्याचे प्रथिन रक्तातील एचडीएल या कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांबरोबर फिरते. त्से-त्से माशीच्या चाव्यातून आलेला ट्रिपॅनोसोमा हा परजीवी हे कण गिळतो. मग प्रथिन त्याच्या पटलाला भोके पाडते आणि तो फुगून फुटतो. निद्रारोग घडवणाऱ्या ऱ्होडेसिएन्स या उपप्रकाराकडे मात्र या प्रथिनाला जखडून निकामी करणारे स्वतःचे प्रथिन असते. जनुकाची जी-१ आणि जी-२ ही बदललेली रूपे त्यालाही मारू शकतात. जी-२ मध्ये फक्त दोन अमिनो आम्ले गळालेली असतात, एवढाच काय तो फरक. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत ही रूपे बरीच आढळतात.

हीच रूपे मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढवतात, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. तोपर्यंत संशय शेजारच्या एमवायएच-९ जनुकावर होता. अनेक कृष्णवर्णीय अमेरिकी रुग्णांच्या आजाराचे खापर तर केवळ रक्तदाबावर फोडले जाई आणि खरे कारण शोधायचे राहून जाई.

मोठा धोका असतो तो आई आणि वडील अशा दोघांकडूनही बदललेली प्रत आलेल्यांना. आफ्रिकी-अमेरिकी लोकांत त्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांना आजार होत नाही. त्यासाठी आणखी एखादे निमित्त लागते. एचआयव्ही हे त्यातले सर्वांत ठळक. विषाणूसंसर्गात शरीर इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी इशारा देणारे प्रथिन सोडते, त्याने हे जनुक जोरात चालू होते. मूत्रपिंडाच्या गाळणीवर पोडोसाइट पेशी बोटांत बोटे गुंफावीत तशा बसलेल्या असतात. बदललेले प्रथिन त्यांच्याच पटलात छिद्रे पाडते आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. पेशी मरून गळू लागल्या की लघवीतून प्रथिने जातात.

इतर प्रतिकार-जनुकांचाही मूत्रपिंडाशी संबंध आहे. मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या गाळणीच्या आजारात ६व्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचे काही प्रकार धोका वाढवतात. तिथे मात्र शरीराच्या प्रतिपिंडांचा हल्ला पोडोसाइटवर होतो.

प्रत्यारोपणात मूत्रपिंड दात्याची जनुके घेऊन येते. त्यामुळे दात्याकडे दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ते मूत्रपिंड लवकर निकामी होण्याची शक्यता वाढते, घेणाऱ्याची जनुके कशीही असोत. जिवंत दात्याला तर उरलेल्या एकाच मूत्रपिंडावर आयुष्य काढायचे असते. म्हणून आफ्रिकी वंशाच्या दात्याशी या जनुकाच्या चाचणीविषयी दान करण्याआधीच मोकळेपणाने बोलले पाहिजे.